आधी मेमरी कार्ड वाचवा: जुन्या पीएस टूवर होमब्रू

(या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा फिरून फिरून एकच प्रश्न येतोय. माळ्यावर पीएस टू पडलाय, डिस्क घेत नाही, भंगारात देऊ का? नका देऊ. आज त्याच्यावरच बोलायचंय. जुन्या प्लेस्टेशन २ वर होमब्रू कसं टाकायचं, का टाकायचं, आणि ते टाकताना मी काय घाण करून ठेवली, हे सगळं सांगतो. घाण केली ती गोष्ट नीट ऐका, कारण बाकीची माहिती तुम्हाला शोधून मिळेल, ती गोष्ट मिळणार नाही.

आधी शब्द. होमब्रू म्हणजे मूळ अर्थानं घरी गाळलेली. आपल्याकडे त्याला हातभट्टी म्हणतात. कंपनीचा शिक्का नाही, परवाना नाही, हौशी लोकांनी आपापल्या घरी बसून लिहिलेले प्रोग्राम. कन्सोल बनवणारी कंपनी म्हणते, आमच्या मशीनवर आमच्या मंजुरीचंच सॉफ्टवेअर चालेल. होमब्रूवाले म्हणतात, मशीन आमच्या पैशाचं आहे, आमचा प्रोग्रामही चालेल. भांडण एवढंच.

आणि इथेच एक गोष्ट वेगळी करू. आपल्याकडे पीएस टू म्हटलं की लोकांना 'चिप' आठवते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या बाजूला विचारायचं, 'चिपवाला आहे का?' दुकानदार मशीन उघडून आत मॉडचिप सोल्डर करून द्यायचा, आणि मग रस्त्यावरच्या कॉपी डिस्क चालायच्या. मी साधूपणाचा आव आणत नाही, आम्हीही तशाच खेळलोय. पण आज जे सांगतोय त्यात मशीन उघडायचं नाही, सोल्डरिंग नाही. सगळं मेमरी कार्डावर होतं. कार्ड काढलं की मशीन जसं होतं तसं.

हे शक्य होतं ते एका गमतीशीर कारणामुळे. पीएस टू जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला. त्या पहिल्या मॉडेलमध्ये डीव्हीडी प्लेअरचं सॉफ्टवेअर मशीनमध्ये नव्हतं, ते मेमरी कार्डावर यायचं. म्हणजे मशीन चालू झालं की ते कार्डाकडे बघायचं, 'माझ्यासाठी काही नवीन सिस्टिम फाइल आहे का?' असेल तर आधी ती चालवायचं. ही सवय पुढे जवळपास सगळ्या मॉडेलमध्ये तशीच राहिली. वाड्याला मागचा दरवाजा ठेवला आणि पुढे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, तसं. अर्थात दाराला कुलूप होतं. ती फाइल मॅजिकगेट नावाच्या पद्धतीनं एन्क्रिप्ट केलेली, आणि त्या ठरावीक कार्डाशी बांधलेली असावी लागते. २००८ मध्ये फ्री मॅकबूट आलं, त्यानं हाच दरवाजा वापरला. त्याचा इन्स्टॉलर मशीनमधल्याच मॅजिकगेटकडून फाइल कार्डाशी बांधून घेतो. कुलूप तोडायचं नाही, मालकाच्याच किल्लीनं उघडायचं. मला हा भाग फार आवडतो.

म्हणूनच स्वस्तातलं कुठलंही कार्ड चालत नाही. मॅजिकगेट असलेलं ८ एमबीचं कार्ड लागतं. ओरिजनल मिळालं तर उत्तम. बाजारात ६४ किंवा १२८ एमबी लिहिलेली कार्डं दिसतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता प्रश्न असा की इन्स्टॉलर पहिल्यांदा चालवायचा कसा? कोंबडी आधी की अंडं आधी. घराच्या आत शिरल्याशिवाय किल्ली मिळत नाही आणि किल्लीशिवाय आत जाता येत नाही. पूर्वी यासाठी अनेक कसरती होत्या. २००३ मध्ये इंडिपेंडन्स एक्स्प्लॉइट आला होता. त्यात कार्डावर टायटल डॉट डीबी नावाची मुद्दाम बिघडवलेली फाइल ठेवायची आणि पीएस वनची ओरिजनल डिस्क घालायची. मशीन त्या फाइलमध्ये गेमचं नाव शोधायला जायचं आणि घसरायचं. पण ते फक्त सुरुवातीच्या जाड मॉडेलवर. सगळ्यात सोपा मार्ग अजूनही एकच आहे. ज्याच्याकडे फ्री मॅकबूटचं कार्ड आहे त्याच्याकडून ते तासभर उसनं आणा. त्याच्यावरून मशीन चालू करायचं, दुसऱ्या स्लॉटमध्ये आपलं कार्ड लावायचं, झालं.

आणि उसनं द्यायला कोणी नसेल, तर जून २०२० मध्ये आलेलं फ्री डीव्हीडी बूट. यात तुम्ही एक साधी डीव्हीडी बर्न करता. मशीनला वाटतं सिनेमा आहे. सिनेमाच्या डिस्कवर ज्या माहितीच्या फाइल असतात, त्या वाचताना पीएस टूचा डीव्हीडी प्लेअर किती माहिती येणार हे नीट तपासत नाही. ठरल्यापेक्षा जास्त येते, ती मेमरीत बाहेर सांडते, आणि त्या सांडलेल्यात आपला प्रोग्राम असतो. पडद्यावर सिनेमाऐवजी यूलाँचएल्फ नावाचा फाइल मॅनेजर उघडतो.

मी हाच मार्ग घेतला. आता गोष्ट.

आमचा पीएस टू दादानं पहिल्या पगारातून घेतला होता. सडपातळ मॉडेल, ज्याला स्लिम म्हणतात ते. तेव्हा आम्ही साताऱ्यात एकाच खोलीत राहायचो. दादा रात्री कामावरून आला की जेवण करून सॅन अँड्रियास लावायचा आणि मी शेजारी बसून बघायचो. दुसरा कंट्रोलर नव्हता आणि असता तरी उपयोग नव्हता, मी नुसता बघायचो. पुढे त्याची बदली झाली, लग्न झालं, तो नाशिकला गेला, मशीन माझ्याकडे राहिलं. कार्ड एकच. त्याच्यावर त्याचं सॅन अँड्रियासचं सेव्ह होतं, ९० टक्क्यांच्या पुढे गेलेलं. माझं क्रिकेट ०७ चं होतं. आणि वर्षानुवर्षांचं इतर काय काय.

२०२१ च्या पावसाळ्यात मी मशीन खाली काढलं. चालू केलं तर आधी तारीख विचारली. आतल्या घड्याळाची बटणासारखी बॅटरी गेली की तारीख विचारतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण डिस्क घेईना. टरटर आवाज करायचं आणि थांबायचं. एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं, तो म्हणाला, 'लेन्स गेली, आता याचे पार्ट येत नाहीत, टाका.' घरी आणून मी स्वतः झाकण उघडून लेन्सवर कापसाचा बोळा फिरवला, हलक्या हातानं. ओरिजनल डिस्क कधी घ्यायचं, कधी नाही. बर्न केलेली डिस्क वाचणं लेन्सला आणखी अवघड जातं. मी डीव्हीडी-आर आणली, सगळ्यात कमी वेगानं बर्न केली, मशीनची भाषा इंग्रजी केली, कारण स्लिमसाठीच्या त्या इमेजला ती अट आहे. पहिले सहा प्रयत्न फुकट. सातव्या वेळेला, बाहेर पाऊस चालू, पडद्यावर तो राखाडी फाइल मॅनेजर उघडला. माझा विश्वास बसेना.

आता लक्ष द्या. त्या क्षणी पेनड्राइव्ह मशीनला लावलेला होता. मेमरी कार्ड लावलेलं होतं. फाइल मॅनेजर उघडा होता. कार्डावरची सगळी सेव्ह पेनड्राइव्हवर घेणं हे दोन-चार मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. मला घाई झाली होती. पुन्हा डिस्क वाचली जाईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून म्हटलं आधी इन्स्टॉल करून टाकू. नवं कार्ड मागवलेलं नव्हतंच. त्याच जुन्या कार्डावर इन्स्टॉल सुरू केलं.

आणि लाइट गेली.

इन्व्हर्टर होता, त्याच्यावर पंखा आणि ट्यूब. टीव्हीचा बोर्ड नाही. वीस मिनिटांनी लाइट आली, मशीन चालू केलं, तर म्हणतंय कार्ड फॉरमॅट केलेलं नाही. फॉरमॅट करायचं का, असंही विचारलं. तेवढी एक अक्कल शाबूत होती, नाही म्हटलं. डिस्कचा आठवा, नववा, दहावा प्रयत्न, ती काही परत वाचली नाही त्या रात्री.

दादाला दुसऱ्या दिवशी फोन केला. खरं सांगू का, सांगायची गरज नव्हती. तो गेल्या दहा वर्षांत खेळला नव्हता, त्याला कळलंही नसतं. सांगितलं. तो म्हणाला, 'अरे जाऊ दे रे, गेम आहे.' मग थोडा थांबून म्हणाला, 'गॅरेजमधल्या गाड्या पण गेल्या का?' म्हटलं हो दादा, सगळंच गेलं. 'बरं बरं,' म्हणाला आणि वहिनीला फोन दिला.

ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढे दुसऱ्या एका होमब्रू प्रोग्रामनं त्याची जशीच्या तशी कच्ची प्रत काढून ठेवली, पूर्ण ८ एमबीची. त्यातून अजून काही निघालेलं नाही.

तर आता हे नीट कसं करायचं ते सांगतो. तुम्ही कुठल्याही मार्गानं आत शिरलात, म्हणजे उसनं कार्ड, डीव्हीडी, काहीही, तरी पडद्यावर यूलाँचएल्फ उघडला की पहिलं काम सेव्ह वाचवणं. पेनड्राइव्ह जुना, छोटा आणि फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला घ्या, नवे मोठे पेनड्राइव्ह पीएस टू बऱ्याचदा ओळखत नाही. फाइल ब्राउझरमध्ये एमसी झिरो म्हणजे पहिल्या स्लॉटमधलं कार्ड, एमसी वन म्हणजे दुसऱ्या, आणि मास म्हणजे पेनड्राइव्ह. कार्डावर प्रत्येक गेमचं एक फोल्डर दिसेल. नावं विचित्र असतात, आपल्याकडच्या डिस्क युरोपच्या पाल पद्धतीच्या असल्यामुळे बरीच बीई या अक्षरांनी सुरू होतात. फोल्डर निवडायचं, आर वन दाबलं की मेनू येतो, त्यात कॉपी. मग पेनड्राइव्हवर जाऊन पुन्हा आर वन, आणि साधं पेस्ट नाही, पीएसयू पेस्ट. त्यानं अख्ख्या फोल्डरची एकच फाइल बनते आणि सेव्हच्या तारखा, खुणा जशाच्या तशा राहतात. नुसतं पेस्ट केलं तर फाइली येतात पण ही बाकीची माहिती गळते. मग तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावा, फाइली दिसतायत आणि त्यांचा आकार शून्य नाहीये हे डोळ्यांनी बघा. त्यानंतरच पुढे.

इन्स्टॉल नेहमी नव्या किंवा रिकाम्या कार्डावर. जुनं कार्ड तेव्हा मशीनमधून काढून टेबलावर ठेवा. इन्स्टॉलर नॉर्मल आणि मल्टी असे पर्याय देतो, नॉर्मल घ्या. मल्टीमध्ये एकच कार्ड वेगवेगळ्या मॉडेलवर चालावं म्हणून कार्डाच्या फाइल सिस्टिमशी मुद्दाम खेळ केलेला असतो, आणि असं कार्ड पुढे कधी बिघडेल सांगता येत नाही. आणि हो, मशीन आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा. हसू नका.

कार्ड तयार झालं की पुढच्या वेळी मशीन चालू केल्यावर नेहमीच्या मेनूत दोन-चार ओळी जास्त दिसतात. बास, एवढाच फरक.

मॉडेलचं काय? मशीनच्या मागे किंवा खाली एससीपीएच असं लिहून पाच आकडे असतात. ९० पासून सुरू होणारी, म्हणजे शेवटची मालिका, तिच्यातल्या अगदी सुरुवातीच्या मशीन सोडल्या तर बाकीच्यांत कंपनीनं तो मागचा दरवाजा शेवटी बंद केला. कार्डाकडे बघण्याची सवयच काढून टाकली. अशा मशीनवर फ्री मॅकबूट चालत नाही. त्यांच्यासाठी ओपनट्यूना आहे. ब्राउझरमध्ये कार्ड उघडलं की प्रत्येक सेव्हचं ते फिरणारं छोटं चित्र दिसतं ना, ते चित्र वाचतानाची चूक तो वापरतो. थोडा जास्तीचा त्रास, म्हणजे दर वेळी ब्राउझरमध्ये जाऊन कार्ड उघडावं लागतं, पण काम होतं.

माझ्या आत्याकडे असंच शेवटच्या मालिकेतलं मशीन आहे. दादाच्या सेव्हचं सगळीकडे झालेलं, आमच्या घरात अशा बातम्या पसरायला वेळ लागत नाही. मग आत्याचाच फोन, 'तू आमचं पण उडवशील का?' म्हटलं आत्या, या वेळी आधी प्रत काढतो. त्यांचं कार्ड माझ्या मशीनमध्ये लावलं, सगळी फोल्डरं पेनड्राइव्हवर घेतली, कॉम्प्युटरवर तपासली, आणि कार्ड त्यांच्या हातात परत दिलं. ओपनट्यूना वेगळ्या कार्डावर टाकून दिलं. त्यांच्या कार्डावर देसी अड्डाचं सेव्ह होतं. आठवतंय का कोणाला देसी अड्डा?

इथे जरा थांबतो. २००९ मध्ये, म्हणजे जगात पीएस थ्री येऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा, आपल्याकडे पीएस टूसाठी भारतात बनलेले गेम यायला लागले. हैदराबादच्या ऑरोनाचा हनुमान: बॉय वॉरिअर, हैदराबादच्याच गेमशास्त्राचा देसी अड्डा, ज्यात कबड्डी, गिल्ली-दांडू, पतंग होते. मग २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा स्ट्रीट क्रिकेट चँपियन्स. खेळ म्हणून ते काही फार भारी होते असं मी म्हणणार नाही, हनुमान तर मला दोन तासांत कंटाळा आणणारा वाटला. पण आपल्या लोकांनी कन्सोलसाठी केलेली ती सुरुवातीची कामं आहेत. त्या डिस्क आता जुन्या सामानात आहेत, ओरखडे पडतायत, आणि त्या वाचणाऱ्या लेन्स माझ्या लेन्ससारख्या मरतायत. पीएस टूचं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबलं. अशी एखादी डिस्क तुमच्याकडे असेल आणि कॉम्प्युटरचा डीव्हीडी ड्राइव्ह ती वाचत असेल, तर आजच तिची इमेज काढून ठेवा. पीएस टूची डीव्हीडी साध्या ड्राइव्हमध्ये वाचता येते.

ती इमेज मशीनवर चालवायला ओपन पीएस टू लोडर, म्हणजे ओपीएल. लेन्स गेलेल्या मशीनला हाच खरा आधार. पण अपेक्षा बेतानं ठेवा. पीएस टूचा यूएसबी पोर्ट जुना १.१ प्रकारचा आहे, सेकंदाला साधारण १ एमबी कसाबसा. खुद्द डीव्हीडी ड्राइव्ह याच्यापेक्षा कितीतरी जोरात वाचतो. त्यामुळे गेम चालतो, पण मधले व्हिडिओ अडखळतात, आवाज तुटतो. स्लिमच्या मागे नेटवर्कचा पोर्ट आहे, त्यातून केबलनं कॉम्प्युटरला जोडलं तर बरंच सुधारतं. जाड मॉडेलवाल्यांची चंगळ, त्यांना मागे नेटवर्क अडॅप्टर लावून आत हार्ड डिस्क बसवता येते.

कायद्याबद्दल विचारणार आहात, माहितीये. मी वकील नाही, पण कलम वाचलंय. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ ए आलं. संरक्षणाचे तांत्रिक उपाय चुकवले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात शब्द आहेत, हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूनं. आणि ५२ व्या कलमात कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला, ती खराब होईल म्हणून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप घेण्याची मुभा आहे. स्वतःचं सेव्ह वाचवणं, स्वतःच्या डिस्कची प्रत काढणं आणि पाचशे गेमची तयार हार्ड डिस्क विकत घेणं या तीन गोष्टी एकाच पारड्यात टाकू नका. तिसरी सरळ पायरसी आहे आणि हे तिचा धंदा करणाऱ्यालाही माहीत असतं. फ्री मॅकबूटच्या नावातच फ्री आहे. तयार कार्ड विकत घेताना पैसे कार्डाचे आणि कोणाच्या तरी मेहनतीचे द्या, सॉफ्टवेअरचे नाही.

आता माझ्या मशीनचं काय झालं ते. लेन्स दिवाळीपर्यंत पूर्ण गेली. पण तोपर्यंत नवीन कार्डावर फ्री मॅकबूट नीट बसलं होतं, आमची सॅन अँड्रियासची डिस्क, ओरिजनल, घासून पांढरी झालेली, तिची इमेज तिसऱ्या प्रयत्नात निघाली होती. गेल्या मे महिन्यात दादा मुलांना घेऊन आला. मी नेटवर्क केबल लावून ठेवली होती. मुलं दहा मिनिटांत मोबाइलकडे वळली. दादा मात्र रात्री जेवण झाल्यावर बसला, नवीन गेम सुरू केला, अगदी पहिल्या सायकलपासून. मी शेजारी बसून बघत होतो. दोन वाजता सेव्ह करून झोपला, ८ टक्के झालं होतं. तो झोपल्यावर मी ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं आणि सकाळी त्याच्या बॅगेत टाकलं.

चला, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या मशीनचा एससीपीएच नंबर कळवा, कोणता मार्ग चालेल ते बघून सांगतो. भेटू.